बोंबलाचा वास आणि निळा रेनकोट

माझा आवाज चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या फजितीचं मूळ त्यातच आहे. आमच्या भागात टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरायचे तेव्हा माइकवर मी असायचो. 'कॉमेंट्रीला महेंद्र रातांबे' असं बॅनरवर छापलेलं असायचं, खेळाडूंच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत. निदान मला तरी ती मोठी दिसायची. माझा घसा कोरडा पडू नये म्हणून आयोजक टेबलाखाली बाटली ठेवायचे. सामने उन्हाळ्यात संपायचे, घसा मात्र बारा महिने कोरडा पडायला लागला.

दिवसा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी आणि संध्याकाळी बैठक. बैठक कुठं, तर धसईच्याही पुढं, ओढ्यावरच्या फरशीपुलाजवळ पांडूच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पांडू सामन्यांत स्कोअर लिहायचा, म्हणजे माइकच्या टेबलावरचा माझा जोडीदार. मुरबाडात प्यायलो तर बायकोला कळेल, म्हणून मी पाऊण तास मोटारसायकल हाकून लांब जाऊन प्यायचो आणि तशाच अवस्थेत पाऊण तास परत यायचो. एवढा हुशार मी तेव्हापासूनच. चंद्रकलाला अर्थातच पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी ती आमच्या पल्लवीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना भांडली सुद्धा नाही, आणि मी ते चांगलं लक्षण समजलो.

त्यानंतर आठच दिवसांनी जयराममामा माझ्या दारात उभे राहिले. चंद्रकलाच्या हौसाआत्याचे हे यजमान, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पांडूच्या शेडपासून आणखी पंधरा मिनिटांवर त्यांची करंजवाडी. आमच्या समाजाची तिथं अकरा घरं आणि मधोमध पत्र्याच्या छपराचं छोटं विहार. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, त्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. वीस वर्षं ते मामाच करत होते.

"महेंद्र," ते म्हणाले, "मला अक्षरं दिसेनात. तुझा आवाज बरा हाय. वाचशील का?"

तीन वाक्यं बोलले. मी फक्त मधलं ऐकलं.

"रोज सहा वाजता," मामा म्हणाले. "खाडा नाय चालायचा. एक दिवस वाचन बंद पडलं की पडलंच."

खाड्याबद्दल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पिणाऱ्याला खाडा म्हणजे काय ते बरोबर उलट्या बाजूनं कळतं. मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी पंचशील म्हणताना चार शीलं दणक्यात म्हटली आणि पाचवं, दारू न पिण्याचं, तोंडातल्या तोंडात. पण रोज सहा वाजता विहारात पोचायचं म्हटल्यावर पांडूच्या शेडवरून पुढं जावंच लागे, आणि परतताना ग्रंथ वाचलेल्या तोंडानं तिथं बसायची लाज वाटे. तीन महिने असे गेले. अश्विन पौर्णिमेला चंद्रकला आणि पल्लवी परत आल्या. तेव्हापासून अकरा पावसाळे झाले. वाचनाचा एक खाडा नाही आणि प्यायचा एक थेंब नाही. बाकीचे नऊ महिने ओव्हरटाइमवर निघतात. पावसाळ्यातली संध्याकाळ मात्र अजून अवघड जाते, ती करंजवाडीमुळे सुटते. आणि करंजवाडीचं वाचन माझ्या आवाजामुळे टिकलंय, असं मी सगळ्यांना सांगत असे. विचारलं नाही तरी सांगत असे.

आता पावसाचं. पाऊण तास आणि वर पंधरा मिनिटं, तेही आमच्या डोंगराच्या अंगाच्या पावसात. वाचनाला पांढरे कपडे लागतात. घरून कडक इस्त्रीचे घालून निघायचो आणि पोचेपर्यंत मागून मानेपर्यंत चिखलाची नक्षी उमटलेली असायची. अकरा वर्षांत सात रेनकोट झाले. सगळे एकाच जागी फाटले, बुडाखाली. रेनकोट फाटला की सीटवर तळं साठतं आणि त्या तळ्यात बसून माणूस धसई गाठतो. सगळा दिवस कंपनीत रुबाब करायचा आणि संध्याकाळी असं बसायचं.

त्यावर हौसाआत्यानं पहिल्याच वर्षी तोड काढली होती. मामांचा एक पांढरा सदरा-लेंगा तिनं माझ्यासाठी काढून ठेवला. पावसाळ्यात काहीच वाळत नाही, म्हणून ती तो जोड रोज चुलीवरच्या दोरीवर टाकून गरम ठेवायची. मी पोचलो की आधी तिच्या घरात शिरायचं. चुलीपाशी उभं राहायचं, भिजलेले कपडे तिच्या हातात द्यायचे, गरम जोड घालायचा, गवती चहा घातलेला कोरा चहा प्यायचा, तिच्या चार शिव्या खायच्या आणि मग विहारात जायचं. वाचन संपेपर्यंत माझे कपडे त्याच दोरीवर अर्धेमुर्धे वाळायचे.

फक्त त्या दोरीवर आम्ही एकटे नव्हतो. तिथं बोंबील असायचे.

पावसाळ्याची बेगमी म्हणून आत्या सुके बोंबील चुलीवरच टांगते, धुरात टिकतात म्हणून. तर मामांचा जोड, माझे कपडे आणि बोंबील, सगळे शेजारी शेजारी. मी विहारात बसलो की मागच्या भिंतीपर्यंत खबर जायची. घरी पोचलो की चंद्रकला दारातच माझ्या शर्टाची कॉलर धरायची, नाक लावायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, "बोंबील." मग हात धुवायला पाणी द्यायची. रोज. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण आत्याला कसं बोलणार?

यंदा श्रावणातल्या एका रविवारी कहर झाला. तालुक्याहून एक मोठे वक्ते आले होते. त्यांना माझ्या शेजारीच बसवलं. मी करुणेवरचा भाग वाचत होतो, आवाज लागला होता, बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तेवढ्यात वक्ते माझ्याकडे झुकले, दोनदा हुंगले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इथं जवळ मासळीबाजार भरतो का हो?"

विहार हसलं. मामा कायम डोळे मिटून ऐकतात, ते सुद्धा डोळे मिटूनच हसले. मी त्याच रात्री ठरवलं, आता बास.

"काय वाईट आहे त्या वासाला?" चंद्रकला म्हणाली.

"तू रोज नाक मुरडतेस की!"

"मी मुरडीन नायतर काय करीन. तुमी नका रेनकोटाच्या नादी लागू. आहे ते बरं आहे."

बायकोनं नको म्हटल्यावर तर घ्यायलाच पाहिजे होता. पुढच्या रविवारी सकाळी मी शहापूर गाठलं. हायवेला एक दुकान आहे, नाशिककडे जाणारे मुंबईचे रायडर तिथं थांबतात. सगळं मोटारसायकलवर घालायचं सामान. दुकान चालवते रंजिता नावाची तिशीतली बाई, स्वतः मोठी गाडी चालवणारी.

"काका, कुठं जायचंय? लडाख?" तिनं विचारलं.

"मुरबाड ते करंजवाडी."

"रोज?"

"तीन महिने रोज. पाऊस असो नसो."

"मग तुम्हाला लडाखवाल्यांपेक्षा चांगला लागेल," ती म्हणाली आणि मनापासून कामाला लागली. एक रेनकोट उलटा करून तिनं आतल्या शिवणी दाखवल्या. प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली पाहिजे, नाहीतर सुईच्या भोकातून पाणी शिरतं. पँटच्या बुडाखाली शिवणच नको, एकसंध कापड पाहिजे. हे ऐकून मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. सात रेनकोट घालवले, पण ही एवढी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मी कुणाला विचारली नव्हती. चेनवर झाकण पाहिजे, पँट बुटावरून चढेल इतकी खालून उघडली पाहिजे, हातमोज्यांची तोंडं बाहीच्या आत गेली पाहिजेत.

"रंग पिवळा घ्या," ती म्हणाली. "पावसात ट्रकवाल्याला दिसायला पाहिजे."

"निळा दाखवा."

"निळा पावसात दिसत नाही, काका."

"मी वर्षावासाला चाललोय, रस्ता झाडायला नाही. निळाच पाहिजे." आमच्या झेंड्याचा रंग आहे, त्यात तडजोड नाही, असं एक छोटं भाषणही मी तिला माइकच्या आवाजात दिलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तेव्हा मला आणखी चढलं.

"निळ्यात तुमचं माप नाही. एक नंबर लहान आहे."

"चालेल."

"नाही चालणार. आत हवा खेळायला जागा लागते, नाहीतर बाहेरून कोरडे राहाल आणि आतून घामानं भिजाल. उलट एक नंबर मोठा घ्या."

मी आरशात बघितलं. मोठ्या मापात पोट दिसत होतं. लहान मापात ते कसंबसं आवळलेलं होतं आणि मी एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखा वाटत होतो. मी लहान घेतला. हातमोजे घेतले, बुटांवर चढवायची रबरी खोळ घेतली, तोंड पूर्ण झाकणारं नवीन हेल्मेटही घेतलं. त्याच्या हनुवटीखालच्या पट्ट्याला नव्या पद्धतीचं बकल होतं.

"घरी दोन-तीनदा घालून-काढून सराव करा," रंजिता म्हणाली. "हे बकल हातमोजे घालून उघडत नाही."

"मी काय लहान पोर आहे?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धो-धो पावसात करंजवाडीत उतरलो. विहाराच्या ओट्यावर उभा राहिलो आणि सगळी वाडी बघायला जमली. आधी हातमोजे, मग हेल्मेट, मग चेनवरचं झाकण, मग चेन, मग एका पायावर उड्या मारत पँट. "हौसा, तुझा जावई बघ गो," शेजारची बारकी ओरडली, "भुईमुगासारखा सोलतोय सोताला!" पण सोलून झाल्यावर आत कडक इस्त्रीचा पांढरा मी. लोकांनी "आऽऽ" केलं. हौसाआत्या हातावर गरम जोड घेऊन आलीच होती.

"चल, बदल."

"आत्या, आता त्याची गरज नाय. बघ, एक थेंब आत गेला नाय."

हे अर्धंच खरं होतं. थेंब बाहेरून गेला नव्हता. आत मी घामानं असा चिंब झालो होतो की बनियन पिळलं असतं तर तांब्या भरला असता. आत्या जवळ आली, माझ्या कॉलरला हात लावायला लागली, तसा मी दोन पावलं मागं सरलो. एवढं सामान घेऊन शेवटी घामाचा वास आला, असं व्हायला नको होतं.

"चहा तरी घे चुलीपाशी."

"नको आत्या, उशीर होतोय."

ती जोड हातावर घेऊन तशीच उभी राहिली. मी वाचायला बसलो. त्या दिवशी आवाज काय लागला होता म्हणून सांगू!

मग रोजच असं झालं. ओट्यावर सोलायचं, घामात बसून वाचायचं, पुन्हा कोंबून घ्यायचं आणि निघायचं. तीन आठवडे मी आत्याच्या चुलीपाशी गेलो नाही. घरी येई तेव्हा कशाचाच वास नसे, नव्या प्लास्टिकचा तेवढा. चंद्रकला कॉलर धरायची, नाक लावायची आणि काहीच बोलायची नाही. मला वाटलं, प्रभावित झाली. मग ती दुपारी कंपनीत फोन करायला लागली. "आत्याकडं चहाला गेलतात का?" "वेळ कुठंय?" "बरं." फोन बंद. पल्लवी आता नर्सिंगला कल्याणला असते. तिनंही फोन केला, "बाबा, तुम्ही बरे आहात ना? नक्की?" माझ्या रेनकोटाची कीर्ती कल्याणपर्यंत गेली, असं मी समजलो. समजायला मी पहिल्यापासूनच हुशार.

आणि मग भाद्रपदातला तो दिवस आला. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. धसई सोडली तेव्हाच फोनची रेंज गेली. पावणेसहाला फरशीपुलावर पोचलो तर पुलावरून गुडघाभर लाल पाणी. पलीकडे करंजवाडीचा रस्ता दिसत होता, पण गाडी घातली असती तर मी आणि रेनकोट दोघंही थेट खाली कुठल्यातरी धरणात पोचलो असतो. आडोसा एकच होता. पांडूची शेड.

"अरे कॉमेंट्री!" आतून पांडू ओरडला. "ये आत. पाणी उतरायला तास जाईल."

मी पत्र्याच्या कडेला उभा राहिलो. पांडूला मी वाईट म्हणणार नाही. त्यानं स्टूल पुढं केलं, माझ्या पल्लवीची चौकशी केली, आणि जुन्या सवयीनं एक ग्लास भरून माझ्यासमोर धरला. बाहेर अंधारून आलेलं, सहा वाजून गेलेले, मामा विहारात डोळे मिटून वाट बघत बसलेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा वाचनाचा खाडा पडत होता. एकदा तो पडलाच आहे, तर दुसराही पडू दे, असं मनात आलं. कुठून आलं असं म्हणणार नाही, ते अकरा वर्षं तिथंच बसून होतं. मला प्यायची होती. पाऊस लागला म्हणून नाही आणि पांडूनं आग्रह केला म्हणूनही नाही. मलाच प्यायची होती. ग्लास मी डाव्या हातात घेतला.

आणि उजव्या हातानं हेल्मेटचं बकल उघडायला गेलो.

उघडेना. हातमोजा रोज दुसऱ्या हातानं ओढून निघायचा, आज त्या हातात ग्लास; त्यात मोज्याचं तोंड बाहीच्या आत, बाही मनगटाला आवळलेली, मनगट लहान मापात अडकलेलं. काच वर केली, पण हेल्मेटला हनुवटीपुढं जाड पट्टी, ग्लास ओठांपर्यंत जाईना. पांडू मदतीला आला. त्यानं बकल ओढलं, पिरगाळलं, मला दोन्ही पायांच्या मध्ये धरून खेचलं. "च्यायला, कसलं रे हे टोपडं? स्ट्रॉ आणू का?" तो म्हणाला. शेडमधले तिघं-चौघं पोट धरून हसायला लागले. त्या ओढाओढीत ग्लास कलंडला आणि सगळी दारू माझ्या बाहीवरून खाली वाहून गेली. एक थेंब आत गेला नाही. रंजिताच्या मालाला नाव ठेवायला खरंच जागा नव्हती.

पांडू दुसरा ग्लास भरायला वळला. तेवढ्या वेळात मला माझी बाही दिसली, तिच्यावरून ओघळणारी दारू दिसली. मी सुटलो होतो, पण त्यात माझं काहीच नव्हतं. मी शेडबाहेर पावसात जाऊन उभा राहिलो. पांडू हाका मारत राहिला. पाणी घोट्यापर्यंत उतरलं तेव्हा गाडी ढकलत पूल ओलांडला.

करंजवाडीत पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. वाटलं, विहार बंद असेल, माणसं घरी गेली असतील, मामा एकटेच बसले असतील. गाडी लावली आणि आतून वाचनाचा आवाज ऐकू आला. सावकाश, बारीक, एकेक शब्द नीट ठेवत कुणीतरी वाचत होतं. मी खिडकीतून बघितलं.

जयराममामा वाचत होते. नाकावर जाड काड्यांचा चष्मा होता आणि ओळीवर बोटसुद्धा नव्हतं.

मी तसाच, हेल्मेटसकट, दारात जाऊन उभा राहिलो. "कोण गो हा?" बारकी दचकली. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि थांबले. हौसाआत्या उठून आली. माझ्या बाहीपाशी आल्याबरोबर तिनं हुंगलं आणि तिचा चेहरा असा उतरला की तो मला अजून दिसतो. ती बाहेर गेली आणि विळा घेऊन आली. खरं सांगतो, मी डोळे मिटले. तिनं हनुवटीखाली बोट घातलं आणि माझ्या नव्याकोऱ्या हेल्मेटचा पट्टा खसकन कापला. हेल्मेट काढून फेकलं, दोन्ही हातांनी माझे कान धरले आणि सगळ्या विहारासमोर माझ्या तोंडाला नाक लावलं. एकदा. पुन्हा एकदा.

"नाय," ती मामांना म्हणाली. "तोंडाला नाय." आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

मी विचारलं, "मामा, तुम्हाला दिसतं?"

"मोतीबिंदू काढला ना," मामा म्हणाले. "तू पहिल्यांदा वाचलंस त्या साली दिवाळीनंतर."

"मग मला का नाय सांगितलं?"

"तवा तुझी सुटून तीन महिने झालते. मला दिसतं म्हणालो असतो, तर दुसऱ्या पावसाळ्यात संध्याकाळचा तू कुठं बसला असतास?"

अकरा घरांच्या वाडीला हे दहा वर्षं माहीत होतं. बारकीलाही. मी मामांच्या डोळ्यांची एकदाही चौकशी केली नव्हती. मी माझ्या आवाजात होतो.

"आणि आवाज?" मी विचारलं. हो, तेव्हा सुद्धा विचारलं.

"आवाज बरा हाय," मामा म्हणाले. "जरा मोठा हाय."

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि तिला कंठ फुटला. "रोज तुला कपडे बदलायला चुलीपाशी का नेत होते, मूर्खा? कपडे काय तुला हितं ओट्यावर देता आले नसते? तुझं तोंड हुंगायला नेत होते! अकरा वरसं हुंगतेय. आन् तू तीन आठवडे जवळ येईनास, हात लावला की मागं सरतोस, चहा नको म्हणतोस. आमी काय समजायचं? तिकडं चंद्रकला रोज फोन करते, आत्या, वास आला का गो? काय सांगू तिला? तो प्लास्टिकात हाय म्हणून?"

मग मी सगळं सांगितलं. पांडूची शेड, ग्लास, तो मी कसा हातात घेतला, बकल कसं उघडलं नाही. मी निग्रहानं वाचलो नाही, बकलामुळे वाचलो, हेही सांगितलं. माइकशिवाय एवढं खरं मी आजवर बोललो नव्हतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बकल चांगलं होतं म्हणायचं," मामा म्हणाले. "उगाच कापलंस गो हौसा."

त्यावर बारकी आधी हसली, मग सगळे. आत्यानं माझ्या दंडाला धरून मला घरात नेलं. तो जोड दोरीवरच होता, गरम. मी नको म्हटल्यापासून एकही दिवस तिनं तो गरम करायचा सोडला नव्हता. तिनं रेनकोटाची चेन ओढली, ती निघेना म्हणून शिव्या दिल्या, आणि आतला घामानं थबथबलेला शर्ट बघून आणखी दिल्या. मी मुकाट्यानं मामांचा सदरा-लेंगा घातला, चहा घेतला. परत आलो तेव्हा मामांनी ग्रंथ माझ्याकडे सरकवला. थांबले होते त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हितनं वाच. खाडा नाय पडला."

मी वाचलं. आवाज दोनदा अडकला. तेवढ्यापुरती मामांनी ओळ पुढं नेली, चष्मा लावून, आणि पुन्हा माझ्याकडे दिली.

रेनकोट मी दुसरा आणला. एक नंबर मोठा आणि पिवळा. रंजिता हेल्मेटच्या कापलेल्या पट्ट्याकडे बघत राहिली. तो रेनकोट घालून कोरडा पोचतो, तरी आधी चुलीपाशी जातो.

पण ते पुढचं. त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा चंद्रकला दारातच उभी होती. संध्याकाळभर फोन लागला नव्हता. तिचा चेहरा बघून कळलं, ती ओरडणारही नव्हती. अकरा वर्षांपूर्वी माहेरी निघाली तेव्हा असाच चेहरा होता. मी रेनकोट ओढून काढला, चेन तुटली तर तुटली, आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तिनं माझी कॉलर धरली, नाक लावलं. मग कॉलर सोडली आणि पहिल्यांदाच, काही आडपडदा न ठेवता, माझ्या तोंडाशी नाक आणलं.

मी मागं सरलो नाही.

"बोंबील," ती म्हणाली. आणि या खेपेला तिनं नाक मुरडलं नाही.